नाकावरचं टेंगूळ

१२ जानेवारी, सोमवार

पंखाला चिकटलेला हवेचा थर नेमका कुठे संपतो?

मला सांगता येत नाही. आज आमच्या बॉसनी, श्यामसुंदर सरांनी, सगळ्यांसमोर हेच विचारलं आणि माझं हसं झालं. आणि मला इथे घेतलंय ते याच कामासाठी!

विमानाच्या पंखाला अगदी लागून असलेली हवा हलतच नाही. वेग शून्य. जरा वर गेलं की ती सरकायला लागते, आणखी वर जोर धरते, आणि मग कुठेतरी मोकळी होते – खाली पंख आहे याचं तिला काही वाटेनासं होतं. हा वारा आम्ही संगणकात वाहवतो. त्यातून वेगाच्या आकड्यांचा डोंगर मिळतो. त्या डोंगरातून 'पंखाच्या या जागी थर इतके मिलिमीटर जाड' एवढं काढून देणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, मी लिहायची. एवढंच काम.

पण ती हवा पूर्ण मोकळी होतच नाही ना! पुस्तकातही तसंच आहे. बाहेरच्या वेगाच्या नव्व्याण्णव टक्के झाले की थर संपला असं आपण धरून चालायचं. मी तसं म्हटलं. सर म्हणाले, "वा! म्हणजे आपण कवयित्री आहात. मला वाटलं, इंजिनिअर घेतली."

सगळे हसले. इथला जुना आमोददादा हसला नाही. नंतर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "दर्शनी, ते सगळ्यांनाच असं बोलतात. मला पहिल्या आठवड्यात 'आपण पोस्टात का नाही जात' म्हणाले होते." प्रियदर्शनी एवढं लांब नाव घ्यायला इथे कोणाला वेळ नाही. दर्शनी.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सरोजिनीकाकूंनी – शनिवार पेठेतल्या त्यांच्या फ्लॅटमधली मागची खोली माझी – हातावर तिळाची वडी ठेवली. म्हणाल्या, "आज गोड बोलायचंय म्हणून सांगत नाही. उद्या सांगेन, तुम्ही गिझर किती वेळ चालू ठेवता ते."

ऑफिसला सुट्टी नव्हती. ऑफिस म्हणजे कोथरूडला एका सोसायटीत तळमजल्यावरचे दोन फ्लॅट एक करून केलेली जागा. वरच्या मजल्यावर गणिताचा क्लास. आमच्या पंखावरून हवा वाहत असते आणि डोक्यावर दहावीची पोरं बाक ओढत असतात. जो सगळ्यात नवा, त्याच्याकडे ऑफिसची किल्ली – म्हणजे तो आपोआप सगळ्यांच्या आधी येतो. सध्या किल्ली माझ्याकडे.

मधल्या खोलीत विमान. दोघांना उचलता येईल एवढं, आत माणूस न बसणारं. ते रक्ताच्या पिशव्या नेणार. मोठ्या गावाच्या रक्तपेढीतून लांबच्या दवाखान्यात. मी नोकरीला होकार दिला तो यासाठीच. आत्याचं बाळंतपण आठवलं. वर्ध्याहून रक्त आणायला बाबांचे मित्र मोटरसायकलवर गेले होते. ते पिशवी घेऊन आले. आत्या नव्हती. मी तेव्हा सातवीत होते. त्या पिशवीवर पाण्याचे थेंब जमले होते, अजून गार होती. ते मी मुलाखतीत सांगितलं नाही. रडले असते. फक्त एवढं म्हणाले की पहिलं खरं उड्डाण आमच्याकडे करा, हिंगणघाट तालुक्यात, तिथे गरज आहे. सरांनी ते वहीत लिहून घेतलं आणि खरंच तिथलंच ठरवलं! माणूस खवट आहे, पण ऐकतो.

अडचण एकच. भरलेलं विमान उतरताना हळू होतं, तेव्हा पंखाच्या पाठीवरची हवा मागच्या बाजूला सुटते. हवा सुटली की पंख खचतो. त्यावर उपाय म्हणून पाठीवर नखाएवढ्या उभ्या पात्यांची रांग चिकटवतात. ती पाती मंद थराच्या बाहेर डोकं काढतात आणि वरची जोरातली हवा खाली ओढतात. पातं थरापेक्षा बुटकं असेल तर ते थरातच बुडून राहतं. असून नसल्यासारखं. म्हणून थराची जाडी बरोबर हवी.

म्हणून मी.

१६ जानेवारी, शुक्रवार

जुळलं! जुळलं! जुळलं!

ऑफिसची पद्धत अशी, की मोठ्या पडद्यावर काळी रेघ असते. ती विंड टनेलची. म्हणजे खऱ्या बोगद्यात खरा पंख ठेवून खऱ्या वाऱ्यात मोजलेली जाडी, पंखाच्या नाकापासून – म्हणजे पुढच्या कडेपासून – शेपटीपर्यंत. तुझी स्क्रिप्ट लाल रेघ काढते. लाल जोवर काळीवर बसत नाही तोवर स्क्रिप्ट कोणी हातात घेत नाही. आणि बसली की ज्याची स्क्रिप्ट त्याने जिलबी आणायची.

माझी पहिल्याच फटक्यात बसली. पंखाच्या नाकाशी काळ्या रेघेला एक टेंगूळ आहे, तिथे थर उगाच जाड दिसतो. माझ्या लाल रेघेलाही तिथेच टेंगूळ! तेसुद्धा जुळलं! आमोददादा म्हणाला, "आयला, बाकीच्यांचं जुळायला महिना महिना गेला होता." सर चष्मा काढून पडद्याजवळ गेले, परत आले आणि म्हणाले, "ठीक."

ठीक! त्यांच्या तोंडून!

पात्यांच्या जागी जाडी तीन मिलिमीटर. लगेच तीनची पाती थ्रीडी प्रिंटरवर छापायला टाकली. कोपऱ्यावरून जिलबी आणली. संध्याकाळी बाबांना फोन केला. त्यांना काय कळलं कोण जाणे. म्हणाले, "म्हणजे तुह्यं बरोबर निघालं नं? मंग झालं." मागे कापसाच्या जिनिंग मिलचा आवाज. पाळीवर होते.

१९ जानेवारी, सोमवार

मी स्क्रिप्ट परत वाचायला नको होती.

जुळल्यावर कोणी वाचत नाही. मी वाचली, कारण मला ते टेंगूळ समजत नव्हतं. नाकाशी थर जाड कसा असेल? तिथे तर तो नुकताच सुरू होतो. कागदासारखा पातळ हवा.

मग दिसलं. स्क्रिप्टमध्ये मी पट्टी उभी धरली होती. जाडी मोजायची तर पंखाच्या पृष्ठभागाला काटकोनात जायला पाहिजे. मी सगळीकडे सरळ आकाशाकडे गेले. पंखाच्या पाठीवर त्याने फार बिघडत नाही, पण नाक जवळजवळ उभंच असतं. तिथे उभी पट्टी कातडीला घासत वर जाते, थरातून बाहेरच पडत नाही. म्हणून टेंगूळ. ते हवेचं नाही. माझ्या पट्टीचं आहे.

आणि दुसरी चूक याहून वाईट. पाठीवरून जाताना बाहेरची हवा समोरच्या वाऱ्यापेक्षा जोरात पळते. नव्व्याण्णव टक्के हे त्या पळणाऱ्या हवेचे घ्यायचे. मी समोरच्या वाऱ्याचे घेतले. म्हणजे थरातली हवा अजून वाटेतच, आणि मी तिला 'सुटलीस, जा' म्हणून मोकळी.

दोन्ही दुरुस्त केलं. टेंगूळ गेलं. पात्यांच्या जागी तीनचे आठ झाले.

आणि लाल रेघ काळीपासून कुठल्या कुठे! बरोबर केल्यावर चुकलं! काय लिहू?

२० जानेवारी, मंगळवार

अजून आठच येतात.

२२ जानेवारी, गुरुवार

आमोददादाला दाखवलं. त्याने दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवून बघितल्या. मग म्हणाला, "तुझी आधीची जुळत होती ना?"

"हो, पण ती चूक होती."

"दर्शनी, टनेल म्हणजे टनेल. वारा चुकत नाही, चुकतो आपण. तू फार हुशारी करायला गेलीस आणि काहीतरी मोडून ठेवलंस. जुनी ठेव."

त्याचं बरोबर असणार. मी कोण? सहा महिन्यांपूर्वी डिग्री हातात पडलेली. वारा एका बाजूला आणि मी एका बाजूला असेन तर चूक कोणाची हे सांगायला शिकायला लागत नाही. पण मग माझ्या नव्या स्क्रिप्टमध्ये चूक कुठे आहे? दाखवा मला! मी ओळ न् ओळ वाचली. हाताने गणित केलं. वेगळ्या दोन पद्धतींनी केलं – सात, साडेसात, आठ. तीन कशानेच येत नाही.

आकड्यात न सापडणारी चूक माझ्यातच असणार, असं वाटायला लागलंय. कॉलेजमध्ये परीक्षेपुरतं पाठ केलं असेल मी. खरं कधी समजलंच नसेल. घरात विचारायला कोणी नाही, कधीच नव्हतं. आजवर जे समजलं ते बरोबर समजलं की नाही हे बघणारं मागे कोणीच नव्हतं.

२४ जानेवारी, शनिवार

जेवले नाही. काकूंनी दार वाजवून ताट आत सरकवलं. "नवरा असता तर म्हटलं असतं भांडण झालंय. तुम्ही कोणाशी भांडलात?"

मी म्हटलं, "वाऱ्याशी."

"मग आमटी गार होईल."

२६ जानेवारी, सोमवार

संतोषचा फोन. माझा धाकटा भाऊ, बारावीला आहे. आवाज नुसता फुटत होता आनंदाने.

"ताई, विमान आपल्या पिंपळखुट्याच्या शाळेच्या मैदानावर उतरून राह्यलं म्हणे! दवाखान्याच्या अंगणात झाडं हायेत नं, म्हणून. हेडसरनं सांगितलं, सोळा फेब्रुवारीला सगळी शाळा मैदानावर पाह्यजे. पहिलीपासून दहावीपर्यंत! मी बी येऊन राह्यलो."

बाबांनी व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला माझा विमानाशेजारचा फोटो ठेवलाय. खाली लिहिलंय 'माझी मुलगी विमान बनवते'. जिनिंगचा मालकसुद्धा 'अभिनंदन' म्हणाला म्हणे. बाबांशी इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा कामाशिवाय बोलला.

मी छान छान म्हटलं. फोन ठेवला. भरलेलं विमान, हळू, उतरताना. मैदानाच्या कडेने पहिलीची मुलं. आणि पाती तीनची.

पंखापासून किती लांब गेलं की हवा मोकळी होते हे मला सांगता आलं नाही. हिंगणघाटपासून किती लांब गेलं की मी मोकळी होईन, तेही सांगता येणार नाही.

२८ जानेवारी, बुधवार

पाती चिकटवली. तीनची. सरळ, सुंदर रांग. सगळ्यांनी फोटो काढले. मी पण हसले फोटोत.

३१ जानेवारी, शनिवार

वाघोलीच्या पलीकडे माळावर उड्डाण. विमान उडवणारा जयसिंग तिकडचाच, लोणीकंदकडचा. हातात रिमोट आला की तो कोणाशी बोलत नाही, पण आज मूडमध्ये होता. "मॅडम, तुमच्या पात्यांमुळं कंगवा लावल्यागत दिसतंय. भांग पाडा म्हणावं आता!"

रिकामं विमान झकास. वळलं, घिरट्या, पिसासारखं खाली. सर चक्क टाळी वाजवून गेले.

मग वाळूच्या पिशव्या, अर्धंच वजन. उतरताना डावा पंख एकदम खचला. जमिनीपासून हातभर वर होतं म्हणून वाचलं. खरवडलं थोडं.

"वारं हाय," जयसिंग म्हणाला. "आडवं वारं. दुसरं काय नाय."

सर म्हणाले, वारंच. आमोददादा म्हणाला, वारंच. वारा बघायला झेंडूच्या पिकाच्या कडेला रोवलेला झेंडा पूर्ण लोंबत होता. मी एकटीच त्याच्याकडे बघत होते का?

येताना गाडीत विषय मीच काढला. मी म्हटलं, "पूर्ण वजनाने एकदा करून बघूया का?" सर पुढच्या सीटवरून मागे न बघता म्हणाले, "आणि मोडलं तर सोळा तारखेला काय उडवू? आपल्याला?"

२ फेब्रुवारी, सोमवार

मला हे काम येत नाही. मी सोडून जावं. कोणीतरी असेल ज्याला हे समजेल. मी जिथून आले तिथे परत जावं, शिकवण्या घ्याव्यात. वर बाक ओढणाऱ्या पोरांसारखी पोरं तिकडेही आहेत.

३ फेब्रुवारी, मंगळवार

हरले म्हणून आज जुनी स्क्रिप्ट परत लावली. चुकीची. ठरवलं, आमोददादा म्हणतो तसं करू, गप्प बसू.

लाल रेघ काळीवर बसली. किती छान बसली! मी जरा मोठं करून बघितलं. मग आणखी मोठं. दोन रेघा वेगळ्या अशा दिसतच नव्हत्या. नाकावरचं टेंगूळ – तेवढंच उंच, तेवढंच रुंद, त्याच जागी.

मी खुर्ची मागे ढकलली.

ते टेंगूळ हवेत नाही. ते माझ्या उभ्या पट्टीने झालंय. शिकाऊ मुलगी संगणकावर करते ती चूक. बोगद्यात कोणी अशी पट्टी धरत नाही. तिथे स्क्रिप्टच नसते! खऱ्या वाऱ्याला माझी चूक कशी करता येईल?

वारा माझ्यासारखा चुकूच शकत नाही. माझ्यासारखं चुकलंय ते कोणीतरी माझ्यासारखं.

काळी रेघ टनेलची नाहीच.

गॅलरीत जाऊन उभी राहिले. सोसायटीचा माळी पाइप धरून उभा होता, म्हणाला, "ताई, बरं नाही का?" मी म्हटलं, बरं आहे. आणि खरंच, क्षणभर इतकं बरं वाटलं! मी चुकले नव्हते! आठ बरोबर आहेत!

मग आठवलं, की मग तीन चूक आहेत. आणि पंखावर तीन आहेत.

४ फेब्रुवारी, बुधवार

आमोददादाला चहाला बाहेर नेलं. टपरीवर गर्दी होती, बाजूला गाड्यांशी उभे राहिलो. मी काही आरोप वगैरे केला नाही. फक्त विचारलं, "काळ्या रेघेला टेंगूळ का आहे?"

त्याचा कप ओठाशीच राहिला.

"तुला कसं कळलं?"

"मी तीच चूक केली."

तो हसला. असा हसला की मला त्याची दया आली. दोन वर्षांपूर्वी टनेलची तारीख मिळाली होती, ती ऐनवेळी रद्द झाली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट द्यायचा होता. त्याने स्वतःच्या स्क्रिप्टची रेघ तिथे टाकली. जागा धरायला. टनेलचे आकडे आले की बदलू. टनेल झालंच नाही. रेघ राहिली. मग नवीन माणूस आला, त्याने आपली स्क्रिप्ट तिच्याशी जुळवून घेतली. जुळेपर्यंत इकडे तिकडे केली. जुळली! मग दुसरा. मग रिपोर्ट, मग ज्या संस्थेचं हे विमान आहे त्यांच्यासमोर सरांचं भाषण, आणि प्रत्येक वेळी पडद्यावर काळी रेघ.

"रोज वाटायचं सांगावं," तो म्हणाला. "मग कोणीतरी जिलबी आणायचं."

मला त्याच्यावर रागावता येईना. याच माणसाने मला पहिल्या दिवशी बसचा नंबर सांगितला, डबा अर्धा दिला, लिनक्स शिकवलं. मी म्हटलं, "दादा, तू सांग सरांना. तू सांगितलंस तर ते ऐकतील."

"एप्रिलमध्ये लग्न आहे गं माझं."

"मैदानावर मुलं असतील."

त्याने कप ठेवला आणि ऑफिसमध्ये निघून गेला. दुपारी सुट्टी टाकून घरी गेला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तो आला. माझ्याकडे बघत नाही. सरांना काही सांगितलेलं नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मीच गेले. केबिनचं दार लावून घेतलं. दोन्ही स्क्रिप्ट, दोन्ही रेघा, टेंगूळ, सगळं दाखवलं. आमोददादाचं नाव घेतलं नाही. सरांनीही विचारलं नाही. बहुतेक त्यांना विचारायची गरज नव्हती.

ते चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत. फार शांतपणे ऐकलं. नव्या स्क्रिप्टची एक ओळसुद्धा वाचली, बोट ठेवून. मग म्हणाले, "आपलं बरोबर आहे."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं! इतक्या दिवसांनी कोणीतरी म्हणालं!

"आता ऐका," सर म्हणाले. "तीनने उडतं हे मी माळावर डोळ्यांनी पाहिलंय. आठने उडतं हे कोणी पाहिलंय? आपल्या संगणकाने. संस्थेचे लोक सोळाला येणार. कलेक्टर येणार. प्रात्यक्षिक झालं की काम पुढे मिळेल, मग आठची लावू, टनेलही करू. प्रात्यक्षिक बुडालं तर हे ऑफिस नाही, विमान नाही, आणि आपल्या त्या तालुक्यात पुढची दहा वर्षं रक्त मोटरसायकलवरूनच जाईल. बघा, पटतंय का."

हेच तर वाईट आहे. अर्धं पटतं.

"निदान मुलांना मैदानावर नका उभं करू, सर. रिकामं उतरवा."

"रिकामं विमान आणि रिकामं मैदान. मग फोटो कशाचा काढायचा?"

"पूर्ण वजनाने खचलं तर?"

"जयसिंग सांभाळेल." आणि वर म्हणाले, "आपण फार मनाला लावून घेता. उड्डाणाच्या कागदावर आपली सही नको असेल तर मी करीन. एवढंच."

सही त्यांनी केली. मी बाहेर आले तेव्हा वर पोरं बाक ओढत होती.

८ फेब्रुवारी, रविवार

सरांचं म्हणणं दिवसभर डोक्यात फिरतंय. मी थांबवलं तर पुढे ज्यांना रक्त मिळणार नाही, त्यांचं काय? आत्यासारखी कोणी असेलच. ती मला दिसत नाही. मैदानावरची मुलं मला दिसतात, नावानिशी. सरांना उलटं दिसत असेल. कोणाचं बरोबर, हे मोजायला पट्टी कुठली?

पण सरांनी वाऱ्याबद्दल खोटं सांगितलं. त्या दिवशी वारा नव्हता. झेंडा लोंबत होता.

१० फेब्रुवारी, मंगळवार

संतोषला फोन केला. म्हटलं, हेडसरांना सांग, मुलांना मैदानावर नको. वर्गात बसू दे, खिडकीतून बघू दे.

"काऊन ताई? तुह्या नावाचं बॅनर लावलं नं शाळेनं! केवढं मोठं! 'आपल्या तालुक्याची लेक'. पोट्ट्यांनी कागदाचे झेंडे केले. आता नाही म्हणू?"

मी म्हटलं, विमान खाली पडू शकतं.

तो हसला. "तू बनवलं नं ते? मंग कसं पडते?"

आईने फोन घेतला. तिने नवीन साडी काढून ठेवलीय सोळाला घालायला. मी फोन ठेवला.

काल संस्थेला सगळं लिहून ईमेल केली होती. उत्तर आलं: 'आपल्या सूचनेबद्दल आभार. तांत्रिक बाबींसाठी कृपया श्री. श्यामसुंदर यांच्याशी संपर्क साधावा.' खाली प्रत – श्यामसुंदर सरांना. सर माझ्या टेबलाजवळून गेले तेव्हा फक्त म्हणाले, "आपलं मराठी छान आहे."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या दुपारी विमान गाडीत चढणार. मधल्या खोलीत ते झाकून ठेवलंय. पाती कापडाखालूनही हाताला लागतात.

काकूंनी विचारलं, "आजही वाऱ्याशीच?" मी म्हटलं नाही, वाऱ्याशी मिटलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

किल्ली माझ्याकडेच आहे. कोणी यायच्या आत गेले.

सगळी पाती काढली. एकही ठेवलं नाही. डिंक पक्का होता, प्रत्येक पातं पंखाची कातडी घेऊन निघालं. निघणार हे मला माहीत होतं. असा पंख सोमवारपर्यंत दुरुस्त होत नाही. मोठ्या पडद्यावरची काळी रेघ पुसली. मग पंखाचा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर आणि संस्थेला पाठवला. खाली लिहिलं – हे मी केलं आहे. प्रियदर्शनी. पूर्ण नाव.

किल्ली सरांच्या टेबलावर ठेवली.

आता बसस्टॉपवर बसून लिहितेय. सरांचे फोन येतायत, उचललेले नाहीत. आमोददादाचा एक मेसेज आहे, तो अजून उघडला नाही.

संतोषला कळवलं. विमान येत नाहीये. बॅनर उतरव.